खाप्याचा फोन वाजत नाही

आधीच सांगून टाकते, मी नागपूरला शिकवायला गेले होते. मोबाइल ॲप तपासण्याचं काम मी चौदा वर्षं करते आहे. लोकांनी बनवलेलं ॲप हातात घ्यायचं, ते कुठे अडतं, कुठे खोटं बोलतं ते शोधायचं आणि बनवणाऱ्याच्या तोंडावर सांगायचं. भांडायची हौस असलेल्या माणसाला याहून चांगली नोकरी मिळणार नाही. नागपुरातल्या टेस्टर मंडळींचा एक गट आहे. दर दोन-तीन महिन्यांनी ते एकत्र जमतात आणि कुणातरी अनुभवी माणसाला बोलवून ऐकतात. या खेपेला त्यांनी मला बोलावलं, आणि कोल्हापूर ते नागपूर हा महाराष्ट्राचा आडवा छेद मी खिडकीतून मान डोलावत पार केला.

भाषणाचा विषय मीच निवडला होता, ‘वापरणाऱ्याची चूक कशी ओळखावी’. म्हणजे तक्रार आली की दोष ॲपचा की माणसाचा, हे झटक्यात कसं ठरवायचं. स्लाइड चकाचक, जागोजागी हशा पेरलेला. स्वतःवर इतकी खूश मी लग्नातही नव्हते.

गुरुवार, धरमपेठ

गटाचं सगळं बघणारी रजनी मला स्टेशनवर घ्यायला आली. तिशीची, सावळी, बोलायला मऊ आणि कामाला कडक. धरमपेठेत तिच्या घरीच माझी उतरायची सोय होती. घरात पाऊल टाकलं तर म्हणाली, “बसा ना मॅडम, चहा मांडते.” आमच्याकडे चहा ठेवतात, इथे मांडतात. चहाच्या मागोमाग पोहे आले, आणि पोह्यांवर चक्क हरभऱ्याचा लाल रस्सा ओतलेला. तर्री म्हणतात तिला. पोह्यांवर रस्सा म्हणजे आमच्या आईनं कपाळाला हात लावला असता. मी पहिला घास संशयानं खाल्ला, दुसरा गुपचूप, आणि तिसरी बशी मागून घेतली.

संध्याकाळी मी रजनीला स्लाइड दाखवल्या. ती हसत होती, चौथ्या स्लाइडपर्यंत. चौथ्या स्लाइडवर एक तक्रार होती. आमची कंपनी औषधाची आठवण करून देणारं एक ॲप बनवते. गोळीची वेळ झाली की फोन वाजतो, गोळीचं चित्र दाखवतो आणि मराठीत बोलून सांगतो, म्हणजे वाचता न येणाऱ्यालाही कळावं. एका रुग्णसेवा संस्थेनं ते थोड्या पेशंटना वापरायला दिलं होतं आणि येत्या सोमवारी ते जिल्ह्यातल्या त्यांच्या सगळ्या पेशंटच्या फोनवर जाणार होतं. त्यातली ही तक्रार खाप्याच्या एका पेशंट बाईंच्या नावानं आलेली. शब्द असे होते: ‘फोन वाजत नाही. हातात घेतला का वाजते.’

“आता सांग,” मी म्हणाले, “हातात घेतल्यावर वाजतो म्हणे! फोन काय लाजाळूचं झाड आहे? तीनदा आली ही तक्रार. तीनदा मी तपासलं, तिन्ही वेळा ठणाठणा वाजला. शेवटी ‘वापरणाऱ्याची चूक’ असा शेरा मारून बंद करून टाकली.”

रजनी हसली नाही. तिनं स्लाइड पुन्हा वाचली.

“खापा इथून तासाभरावर हाये मॅडम,” ती म्हणाली.

“मग?”

“मग काही नाही. जवळ हाये, एवढंच सांगून राहिली.”

मला तिचा थोडा रागच आला.

शुक्रवार, इतवारी

या गटाची एक पद्धत मला फार आवडली आणि तुमच्यापैकी कुणी या धंद्यात असाल तर खुशाल उचला. जमायच्या आधीच्या शुक्रवारी हे लोक एखादं ॲप घेऊन इतवारीत जातात आणि अनोळखी माणसांच्या हातात देतात. ऑफिसात बसून काढलेले दोष वेगळे आणि बाजारात निघणारे वेगळे. हातगाड्या, पोत्यांचे ढीग, भाव करणारे, ओरडणारे, मध्येच उभी राहून जांभई देणारी गाय. दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं दुकानात शिरायचं एवढीच रुंद गल्ली. तिथे ज्याला ॲप कळलं त्याला ते कुठेही कळेल.

माझंच ॲप न्यावं, असं मीच म्हणाले. मला त्या तक्रारीचा निकाल लावायचा होता. भांड्यांच्या, कापडाच्या, धान्याच्या अशा सात दुकानांत आम्ही सात जणांच्या फोनवर ते टाकलं आणि खोट्या गोळीची वेळ लावली, अर्ध्या तासानंतरची. तोवर मी पितळेची एक परात घासाघीस करून घेतली, जी मला पुढचे दोन दिवस जड झाली.

अर्ध्या तासानं इतवारीत सात फोन एकदम बोलायला लागले, ‘दुपारची पांढरी गोळी घ्या!’ भांडेवाले शेटजी पोट धरून हसले. “टकाटक वाजून राह्यलं ना मॅडम! काहून टेन्शन घेता? आता गोळी बी द्या एखादी!”

मी रजनीकडे पाहिलं. झालं समाधान? पण ती बया आपली शांत.

“यांचे फोन दिवसभर हातात असतात,” ती म्हणाली. “ज्याचा फोन, त्याच्या घरी पाहावं लागते मॅडम. उद्या जाऊ. रविवारच्या भाषणात त्या बाईवर सगळे हसतील, तर एकदा तिले पाहून तर घ्या.”

असं कुणी तोंडावर बोललं की मी उलट बोलते. त्या वेळी मात्र मी परात बगलेत मारली आणि उद्या किती वाजता निघायचं ते विचारलं.

शनिवार, खापा

सावनेरच्या वाटेनं दोन्ही बाजूंना संत्र्यांच्या बागा होत्या. रजनीच्या गाडीत मी पंधरा संत्री संपवली, कारण राग आला की मी खाते. कन्हानच्या काठचं हे गाव शांत आहे. नदीवरून गार वारा येतो आणि लोक पत्ता विचारला की सांगत नाहीत, घरापर्यंत सोडायला येतात.

घर नामदेवकाकांचं. तक्रार त्यांनीच लिहिलेली, बायकोनं सांगितली तशी. शेती करतात, बोलतात कमी. पेशंट म्हणजे त्यांच्या पत्नी, वच्छलाकाकू. साठीच्या, काटक, डोळ्यांत एकदम हुशारी. डाव्या भुवईवर टाक्यांची ताजी खूण होती.

“फिट आली होती,” काका म्हणाले. “गोळी चुकली का येते. अंगणातच पडली.”

“चुकली नाही जी!” काकू कडाडल्या. “फोन वाजलाच नाही.”

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, की बघा, हे रोजचंच आहे. हळूहळू सगळं कळलं. काका सकाळी शेतात जातात, फोन काकूंजवळ ठेवून. काकूंना घड्याळ कळतं, पण संस्थेच्या नर्सबाईंनी बजावलेलं की फोन सांगेल तेव्हाच गोळी घ्या, नाहीतर एखादी दोनदा घ्याल. म्हणून काकू फोनची वाट बघतात. फोन काही बोलत नाही. संध्याकाळी काका येऊन तो उचलतात आणि तो त्यांच्या हातात दुपारच्या गोळीचा गजर करतो. नर्सबाईंच्या यादीत मात्र ॲपनं पाठवलेली नोंद दिसते, ‘दोन वाजता गजर झाला. गोळी घेतली नाही.’

“एकदा नाही, चारदा असं लिहून आलं,” काकू म्हणाल्या. “आता गावभर झालं, का वच्छलाबाई इसरते. गोळ्यायची डबी बी माह्या हातून काढून घेतली. शेजारीण येऊन देते मले, लेकरावानी. मी साठ जणांचा सैपाक तोंडी हिशोबानं करत होती वं बाई. मी काहून इसरन?”

मी लॅपटॉप काढला. काकूंच्या फोनला वायर लावली, म्हणजे फोन आत काय करतो ते मला पडद्यावर दिसतं. साडेअकराची वेळ लावली. साडेअकराला फोन खणखणीत वाजला.

“पाह्य,” काका हळूच म्हणाले. “वाजते ना.”

काकूंचा चेहरा उतरला. आणि खरं सांगते, मला त्या क्षणी बरं वाटलं. माझी चौथी स्लाइड बचावली होती. मी वायर गुंडाळायला घेतली, तेवढ्यात काकूंनी विचारलं, “हे वायर काह्याची हाये?”

मी सांगितलं. वायरीतून फोनमधलं दिसतं, शिवाय तो चार्जही होत राहतो.

“पण मी तर दिवसा वायर लावतच नाही. रात्री लावतो आमी. दिवसभर तो तिथं पडून राह्यते.” त्यांनी कोनाड्याकडे बोट केलं. “वायर लावून कोण गोळ्या घेते वं?”

माझा हात थांबला. रजनीनं माझ्याकडे पाहिलं आणि मी तिच्याकडे. आमच्या ऑफिसात वीस फोन आहेत आणि दवाखान्यात सलाइन लावलेल्या पेशंटसारखे ते सगळेच्या सगळे दिवसभर वायरीला टांगलेले असतात. चौदा वर्षांत मी वायर काढून, फोन बाजूला ठेवून, हात न लावता कधी एखादं ॲप तपासलं होतं का? आठवेना. वायर लावलेला फोन कधी झोपत नाही. पण बॅटरीवर असलेला फोन, पडदा बंद करून एका जागी पडला, की बॅटरी वाचवायला गाढ झोपतो आणि आतल्या ॲपनाही गप बसवतो. उचलला की जागा होतो आणि तुंबलेलं सगळं एकदम बोलतो. हातात घेतला का वाजते! काकांनी सात शब्दांत संपूर्ण दोष लिहून पाठवला होता आणि मी त्याच्यावर हशा पेरून ठेवला होता.

“काकू,” मी म्हणाले, “ठेवा तो रोजच्या जागी. आता दोनचा गजर होऊ दे. कुणी हात लावायचा नाही.”

साडेबाराला फोन कोनाड्यात गेला. त्यानंतरचा दीड तास माझ्यासाठी भयंकर होता. टेस्टरला फोन दिसला की हात शिवशिवतो. दोनदा मी नकळत कोनाड्याकडे गेले आणि दोनदा काकूंनी माझ्या हातावर चापट मारली. “राहू दे ना वं त्याले!”

तोवर जेवण झालं. वडाभात केला होता. मिश्र डाळींचे खरपूस वडे गरम भातावर कुस्करायचे आणि वर हिंग-मोहरीच्या फोडणीचं उकळतं तेल ओतायचं. तेल भाताला लागलं की चर्र आवाज येतो आणि घरभर वास सुटतो. आमच्याकडे भातावर इतकं तेल घातलं तर सासू बोलते. इथे कमी घातलं तर बोलतात. “घे ना अजून, तेलाबिगर काय चव लागते?” काकू वाढत होत्या आणि मी एका डोळ्यानं कोनाडा बघत खात होते.

भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजले. शेजारीण डबी घेऊन आली आणि काकूंनी गोळी वेळेवर घेतली. फोन गप्प. दोन वाजून पाच. गप्प. दहा. गप्प. काका जेवता जेवता थांबले होते. सव्वादोनला माझ्यानं राहवेना, मी ताडकन उठून ओरडले, “वाजला नाही! वाजला नाही! आयला, वाजला नाही!” आणि रजनीला मिठी मारून मी त्या स्वयंपाकघरात उड्या मारल्या. एखादी वस्तू बिघडली म्हणून एवढा आनंद झालेली बाई त्या घरानं पहिल्यांदाच पाहिली असेल.

मग काकूंनी फोन उचलला. त्यांच्या हातात तो लगेच बोलला, ‘दुपारची पांढरी गोळी घ्या.’ आणि पडद्यावर नोंद उमटली, ‘दोन वाजता गजर झाला.’ धडधडीत खोटं. ठरलेली वेळच तो झालेली वेळ म्हणून लिहीत होता. एकात एक दोन दोष.

काका कितीतरी वेळ काकूंकडे बघत राहिले.

आता मला बोलणं भाग होतं. “काकू, तुमची तक्रार तीनदा बंद करणारी ती मीच.”

“तूच का ते?” काकूंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “मले वाटलं कोणी मोठा साहेब असन.” थोडं थांबून म्हणाल्या, “एक फोन करून इचाराचं तर होतं.”

मला रडू आलं. लपवलं नाही. काकूंनी पदरानं माझे डोळे पुसले, पण सोडलं नाही. “रडून काय होते? उद्या तुह्यं भाषण हाये म्हणे. तिथं सांगशीन का, चार लोकायसमोर? वच्छलाबाई इसरली नव्हती म्हणून?”

“तुम्हीच या की,” मी म्हणाले.

परतताना वाटेतच मी माझ्या साहेबांना, समीरला, फोन लावला. सोमवारी ॲप पाठवणं थांबव, म्हणाले. तो उसळला. “तीनदा तूच ठीक आहे म्हणालीस!”

“चौथ्यांदा नाही म्हणते.”

“एका फोनवरून? संस्थेला मी काय सांगू?”

“उद्या अकराला व्हिडिओवर ये. तुझ्यासमोर दाखवते. नाही दाखवता आलं तर राजीनामा देते.” हे शेवटचं उगाच बोलले. रजनीनं गाडी चालवता चालवता डोळे मिटून घेतले, तेव्हा मीच तिला रस्त्याकडे बघ म्हणून ओरडले.

रविवार, पुन्हा धरमपेठ

हॉल भरला होता. पहिल्या रांगेत काकू, नवं पातळ नेसून, शेजारी काका टोपी मांडीवर घेऊन. पडद्याच्या कोपऱ्यात समीरचा चेहरा, कोल्हापुरातल्या त्याच्या घरातून, फारच आंबट.

मी काकूंचा फोन सगळ्यांसमोर टेबलावर ठेवला. “साडेबाराचा गजर लावला आहे. आता अकरा वाजलेत. तोवर याला कुणी शिवायचं नाही.” आणि सगळ्या स्लाइड बंद करून मी बोलायला लागले. वायरीबद्दल बोलले, ऑफिसातल्या त्या वीस फोनबद्दल, तीन वेळा मारलेल्या शेऱ्याबद्दल. इतकं मोकळं मी कधी बोलले नव्हते. लोक लिहून घेत होते. कुणी विचारलं, एखाद्या तक्रारीला ‘वापरणाऱ्याची चूक’ कधी म्हणायचं? मी म्हणाले, त्याच्या घरी जेवून आल्यावर.

बाराच्या सुमाराला घात होता होता टळला. हॉलचे व्यवस्थापक, फार भला माणूस, पाण्याच्या बाटल्या ठेवायला आले, टेबलावरचा फोन त्यांना दिसला आणि खिशातून चार्जर काढत म्हणाले, “अरे, याची बॅटरी कमी असन, लावून देतो.” पन्नास टेस्टर एका सुरात किंचाळले, “लावू नका!!” त्यांच्या हातून बाटली पडली. फोनला मात्र धक्का लागला नाही.

साडेबारा वाजले. हॉलमध्ये कुणी हललं नाही. एकतीस. बत्तीस. समीर पडद्यावर पुढे सरकून बघत होता. साडेबारा वाजून पाच मिनिटं झाली आणि मी काकूंना खुणावलं. त्या उठल्या, पदर सावरला, टेबलाशी आल्या आणि त्यांनी फोन उचलला.

‘दुपारची पांढरी गोळी घ्या!’

असा कल्ला मी आयुष्यात ऐकला नव्हता. लोक बाकांवर थापा मारत होते, रजनी शिट्टी वाजवत होती. समीर काहीतरी बोलत होता ते ऐकूच येईना. शेवटी त्यानं कागदावर मोठ्या अक्षरात लिहून कॅमेऱ्यासमोर धरलं, ‘सोमवार रद्द. दुरुस्त करतो.’ पुन्हा कल्ला.

मी माइक घेतला. “माझं एक काम राहिलंय. या वच्छलाकाकू. यांच्या नावावर चार वेळा गोळी चुकवल्याची नोंद आहे. त्या एकदाही विसरल्या नव्हत्या. चूक ॲपची होती आणि ती न पाहण्याची चूक माझी होती. त्या चारही नोंदी माझ्या नावासकट दुरुस्त होतील.”

मग तिथूनच, सगळ्यांच्या देखत, मी खाप्याच्या नर्सबाईंना स्पीकरवर फोन लावला आणि सगळं सांगितलं. पलीकडून बारीक आवाज आला, “काकू, माझं चुकलं जी. मी तुम्हाला सगळ्यांसमोर बोलली होती.”

काकूंनी फोन तोंडाजवळ धरला. “तुह्यं काही नाही चुकलं वं बाई. मशीननं तुले खोटं सांगतलं. पण आता पुढच्या खेपी माणसाले आधी इचारत जा.”

हॉल उभा राहिला. सगळा. टाळ्या थांबेनात, आणि काकू गोंधळून मागे बघायला लागल्या की कुणासाठी वाजताहेत. टाळ्या संपल्यावर तरुण पोरापोरींनी त्यांना घेरलं. काकू, आमचं ॲप पाहाल का? काकू, आम्ही खाप्याला येऊ का? रजनी वहीत त्यांच्या सोयीचे वार लिहून घेत होती. मला कुणी विचारत नव्हतं, आणि मी पितळेची परात बगलेत धरून एका कोपऱ्यात खुशाल उभी होते.

काका गर्दीतून वाट काढत पुढे आले. टोपी हातात, मान खाली. “मी बी तुले इसरभोळी म्हणलं होतं...”

“तुमचं मी घरी पाहतो,” काकू म्हणाल्या, आणि पुढच्या पोरीचा फोन बघायला घेतला.